मामा, साधं की प्रीमियम?

मराठी शिकवण्याबद्दल एखाद्याला पगार मिळू लागला, की मराठी सोडून जगातले दुसरे काहीही त्याला कळत नाही अशी सर्वांची समजूत होते. आमच्या घरात तर ही समजूत फार पक्की आहे. फ्यूज गेला तर मला स्टुलावर चढू देत नाहीत. गॅसची नळी बदलायची असली तर मला बाजारात पाठवतात. त्यामुळे २०२५ च्या श्रावणात एके रात्री धुळ्याहून भाच्याचा फोन आला आणि त्याने "मामा, गाडीत साधं पेट्रोल टाकू की प्रीमियम?" असे विचारले, तेव्हा मी फोन कानापासून लांब धरून, नंबर खरोखर त्याचाच आहे ना, हे पाहून घेतले.

नंबर त्याचाच होता. प्रश्नही मलाच होता.

या सदराच्या वाचकांना आमचे भाचेबुवा नवे नाहीत. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत त्याच्या सेट परीक्षेबद्दल मी याच जागी मोठ्या उत्साहाने लिहिले होते. ती परीक्षा तो पास झाला. मराठी घेऊन बी. ए. झाला, एम. ए. झाला, आणि हे सगळे मी सांगितले म्हणून झाला. त्याच्या वडिलांच्या मनात मुलाने आय. टी. आय. करावे असे होते. मी धुळ्याला जाऊन, आक्काच्या ओसरीवर बसून, तासभर भाषण केले होते. "मुलात गुण आहे. साध्या शिक्षणावर थांबवू नका," हे माझे शब्द. पुढे तो तीन वर्षे तासिका तत्त्वावर शिकवत राहिला. तासिका तत्त्व म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी ते आहे त्यांना सांगावे लागत नाही, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांना सांगून खरे वाटत नाही. जितके तास घ्याल तितक्या तासांचे मानधन, सुट्टीत काही नाही, आणि मिळायचे तेही बिल मंजूर होईल तेव्हा. चौथ्या वर्षी, २०२५ च्या गुढीपाडव्याला, त्याने कर्ज काढून एक छोटा मालवाहू पिकअप घेतला आणि जळगाव परिसरातली भरताची वांगी धुळ्याला आणि तिकडचा भाजीपाला इकडे असा धंदा सुरू केला.

गाडी कोणत्या कंपनीची, ते सांगत नाही. जाहिरात केली असे म्हणाल. २००५ मध्ये टाटांनी एस नावाची गाडी काढली आणि लोकांनी तिचे 'छोटा हत्ती' असे बारसे केले, त्याच कुळातली ही. आपल्या खान्देशात पिकअप म्हटले की बहुधा डिझेलचा. रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणारे जे पिकअप दिसतात, ते जवळजवळ सगळे डिझेलवर चालतात. पण डिझेलची गाडी महाग पडते, सीएनजीच्या रांगेत उभे राहिले तर वांगी सुकतात, म्हणून भाच्याने पेट्रोलची घेतली. त्यातही दैव असे, की त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. सहा महिने थांबला असता तर बरेच पैसे वाचले असते. पण नोकरीची वाट पाहण्यात चार वर्षे घालवलेल्या माणसाला आणखी सहा महिने थांब, असे कोणत्या तोंडाने सांगणार?

(जाता जाता एक भाषाविषयक शंका. 'पिकअप' हा शब्द आपण गाडीलाही वापरतो आणि गाडीच्या अंगातल्या उठावालाही. "या पिकअपला पिकअप नाही," हे वाक्य मी धुळ्याच्या एका गॅरेजात माझ्या कानांनी ऐकले आहे. यात यमक म्हणावे की श्लेष, हे मी वर्गात विचारले. मुलांनी उत्तर दिले नाही, पण गॅरेज कोणते ते विचारले.)

तर प्रश्न पेट्रोलचा. पंपावर गाडी उभी राहिली की तिथला पोऱ्या खिडकीशी येऊन विचारतो, "साधं की प्रीमियम?" हा प्रश्न विचारण्याची एक खास तऱ्हा असते. 'साधं' म्हणताना आवाज खाली जातो, 'प्रीमियम' म्हणताना वर. साडीच्या दुकानात "यातच दाखवू, की जरा चांगल्यातलं?" असे विचारतात ना, तसे. मागे चार गाड्या उभ्या असतात, शेजारी ओळखीचा कोणी असतो, आणि आपल्या तोंडून "प्रीमियम" निघून जाते. भाचा गाडी घेतल्यापासून प्रीमियमच टाकत होता. "नवीन गाडी शे, मामा. तिला हलकं कशाला?" हे त्याचे म्हणणे. आणि त्यात त्याला आणखी एक कारण मिळाले होते. कधी मालेगावचे भाडे मिळाले की धुळे सोडल्यावर लळिंगचा घाट लागतो. त्या चढावर भरलेल्या गाडीचे इंजिन खट्खट् वाजू लागे. कोणी सांगितले, पेट्रोल हलके पडते. आणखी भारी टाक. त्यावर त्याला शंभर ऑक्टेनचे पेट्रोल हवेसे वाटू लागले. ते महाराष्ट्रात सगळीकडे मिळत नाही, आणि २०२० च्या डिसेंबरात इंडियन ऑइलने ते आणले तेव्हा दिल्लीत त्याचा भाव लिटरला १६० रुपये होता, हे कळल्यावर त्याने मला फोन केला.

मी त्याला म्हटले, "दोन दिवस दे."

पुढचे दोन दिवस मी रसायनशास्त्राच्या स्टाफरूममध्ये काढले. तिथल्या मंडळींनी मला चहा दिला आणि मराठीच्या माणसाला समजेल अशा बेताने ऑक्टेन सांगितले. ते जसे समजले तसे सांगतो.

पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते आणि मग प्लगची ठिणगी पडून ते पेटते. ठिणगी पडेपर्यंत त्या मिश्रणाने दम धरायचा असतो, आणि पडल्यावरही शिस्तीत, एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे जळत जायचे असते. पण दाब आणि उष्णता फार वाढली, तर कोपऱ्यातले मिश्रण ज्योत पोचण्याआधीच स्वतःहून भडकते. त्या धडाक्याने जो आवाज होतो ते नॉकिंग. मिस्त्री लोक म्हणतात, "इंजिन नॉक मारतंय." हा दम धरण्याचा गुण किती आहे, ते सांगणारा आकडा म्हणजे ऑक्टेन. १९२६ च्या सुमारास अमेरिकेत ग्रॅहम एडगर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दोन द्रव निवडले. आयसो-ऑक्टेन फार दम धरते, त्याला १०० गुण. हेप्टेन मुळीच धरत नाही, त्याला शून्य. हे शुद्ध हेप्टेन त्या काळी कॅलिफोर्नियाकडच्या एका पाइन झाडाच्या चिकातून काढत. आता ९१ ऑक्टेन म्हणजे, ते पेट्रोल ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतका दम धरते. एवढाच त्याचा अर्थ. त्यात जास्त ताकद आहे, ते जास्त जळते, गाडी जास्त पळवते, असे काहीही त्या आकड्यात नाही.

मला हे ऐकून धक्काच बसला. मी इतकी वर्षे ऑक्टेनला दुधातल्या स्निग्धांशासारखे समजत होतो, म्हणजे जितका आकडा मोठा तितकी साय जाड. आणि हा तर निव्वळ सोशिकपणाचा आकडा निघाला.

ज्या इंजिनात मिश्रण फार दाबले जाते, किंवा ज्याला टर्बो आहे, त्याला सोशिक पेट्रोल लागते. साधे दिले तर ते कुरकुरते. ज्या इंजिनात तितका दाबच नाही, त्याला सोशिक पेट्रोल देऊन काही मिळत नाही. सोसण्यासारखे तिथे काही नसतेच. कोणाला काय लागते, ते गाडीच्या पुस्तिकेत छापलेले असते आणि पुष्कळदा टाकीच्या झाकणाच्या आतही चिकटवलेले असते. मी भाच्याला फोन करून पुस्तिका पाहायला सांगितली. पुस्तिका देवघरात होती. पाडव्याला पूजेत ठेवली ती तिथेच राहिली होती. त्यात ९१ किंवा त्यावर असे स्वच्छ लिहिले होते.

अमेरिकेत आमचा एक जुना विद्यार्थी असतो, टेक्ससमध्ये. त्याच्याकडे खरा अमेरिकन पिकअप ट्रक आहे. त्याच्यापुढे आमचा छोटा हत्ती वासरासारखा दिसेल. त्याला विचारले, तर तो म्हणाला, "सर, मी तर ८७ टाकतो." म्हणजे आपल्यापेक्षा हलके? तर तसे नाही. तिकडे पंपावरचा आकडा दोन तऱ्हेच्या चाचण्यांची सरासरी काढून लावतात, त्यामुळे तिकडचे ८७ ते आपले साधारण ९१. तिथेही हाच मोह आहे. त्यांच्या मोटारमालकांच्या एएए नावाच्या संघटनेने २०१६ मध्ये चाचण्या करून जाहीर केले, की साध्यासाठी बनवलेल्या गाडीत प्रीमियम टाकून काही फायदा दिसला नाही, आणि तरीही त्याआधीच्या एका वर्षात अमेरिकन लोकांनी अशा गाड्यांत प्रीमियम भरून दोन अब्जांहून अधिक डॉलर उगाच घालवले. हे वाचून मला जरा बरे वाटले. साडीच्या दुकानातला स्वभाव केवळ आपलाच नव्हे.

ऑक्टेन वाढवायची एक युक्ती माणसाने फार पूर्वी काढली होती, आणि ती फार महागात पडली. १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजले याने शिसे असलेले एक द्रव्य पेट्रोलात घालून नॉकिंग थांबवले. इंजिने शांत झाली आणि शिसे मुलांच्या रक्तात गेले. आपल्याकडे २००० सालापासून देशभर शिसेरहित पेट्रोल आले. जगात शेवटी अल्जीरियात ते २०२१ मध्ये बंद झाले. शंभर वर्षे. एका खट्खटीसाठी.

आता त्या जागी इथेनॉल आले आहे. ऊस, मका, तांदूळ यांपासून काढलेले. आमच्या धुळे-जळगावकडे मका भरपूर पिकतो, त्यातला काही गाडीच्या टाकीत जातो, हे आक्काला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग भाकरी कशाची करतील?" या प्रश्नावर दिल्लीतही वाद झाले आहेत, तो इथे नको. इथेनॉलचे ऑक्टेन १०० च्या वर आहे. म्हणून पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल मिसळले की सोशिकपणा आपोआप वाढतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये या मिश्रणावरून देशभर ओरड झाली, तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयाने खुलाशात हेच सांगितले, की पूर्वीचे ८८, मग ९१, आणि इथेनॉलमुळे आता साधे पेट्रोलच ९५ च्या घरात गेले आहे. म्हणजे भाचा ज्या ९५ साठी लिटरमागे आठ रुपये जास्त मोजत होता, ते ९५ त्याला साध्यातच मिळत होते!

इथेनॉलची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्यात पेट्रोलापेक्षा उष्णता सुमारे एक तृतीयांशाने कमी. त्यामुळे ॲव्हरेज घसरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या घडणीच्या चारचाकींना सहा ते सात टक्के आणि इथेनॉल गृहीत धरून बनवलेल्यांना एक ते दोन टक्के घट येईल, असा अंदाज दिला होता. शिवाय इथेनॉल पाणी ओढते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांनाही ते मानवत नाही. पण भाच्याची गाडी नवी. तिला त्याची सवय करूनच कारखान्यातून पाठवली आहे.

एवढे झाल्यावर मी त्याला म्हटले, "आता वही घाल." पंधरा दिवस साधे, पंधरा दिवस प्रीमियम, टाकी प्रत्येक वेळी फुल, त्याच पंपावर, किलोमीटर लिहायचे. मुलगा एम. ए. असल्याचा इथे उपयोग झाला. त्याने तळटीपांसह वही लिहिली. ("पारोळ्याजवळ दीड तास वाहतूक ठप्प" वगैरे.) साध्यावर लिटरला १५.८ किलोमीटर पडले, प्रीमियमवर १६.१. हिशेबाला सोपे जावे म्हणून साधे १०५ आणि प्रीमियम ११३ धरू. आठ रुपये वसूल व्हायचे, तर ॲव्हरेज साडेसात टक्क्यांनी वाढले पाहिजे, १५.८ चे १७ झाले पाहिजे. झाले १६.१, आणि तेवढा फरक तर लोड कमी-जास्त असला तरी पडतो. तो रोज जाऊन-येऊन १९० किलोमीटर चालतो, महिन्यात २४ दिवस. साधारण २८५ लिटर. आठ रुपयांनी झाले २२८० रुपये महिना.

मी हा आकडा फोनवर सांगितला. तिकडे जरा शांतता झाली. मग तो म्हणाला, "मामा, ते बरोबर शे. पण मला भीती वाटते."

भीती कशाची, ते विचारायला मी दुसऱ्या रविवारी एस. टी.ने धुळ्याला गेलो.

त्याचे असे झाले होते. आषाढात एका पहाटे वांगी भरून तो जळगावहून निघाला. रात्री रस्त्यातल्या एका पंपावर साधे पेट्रोल भरले होते, कारण तिथे प्रीमियम नव्हते. एरंडोलच्या पुढे गाडी आचके देऊन बंद पडली. पाऊस पडत होता. मिस्त्री यायला दुपार झाली. त्याने टाकीतले पेट्रोल पाण्याच्या बाटलीत काढून उजेडात धरले, तर बाटलीत दोन थर! खालचा पाण्याचा. माल धुळ्याला पोचेपर्यंत लिलाव संपला होता, आणि पावसात भिजलेली वांगी मिळेल त्या भावाला द्यावी लागली. पंपवाल्याने हात वर केले. पावती नव्हती. तेव्हापासून त्याने मनाशी ठरवले, की साध्याला हात लावायचा नाही. "आठ रुपयांत झोप येते, मामा," तो म्हणाला.

याच्यावर काय बोलणार? पण बोलावे लागले, कारण त्याची झोप चुकीच्या उशीवर होती. पाणी शिरते ते पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत, झाकणातून, फटीतून, आणि वीस टक्के इथेनॉल असले की ते पाणी घेऊन तळाशी बसते. प्रीमियमची टाकीही त्याच जमिनीत पुरलेली असते, आणि त्या पेट्रोलातही बहुधा तेच इथेनॉल असते. उलट आडगावच्या पंपावर प्रीमियम कमी खपते, म्हणजे ते टाकीत जास्त दिवस पडून राहते. पाण्यापासून वाचायचे तर ज्या पंपावर टँकर रोज रिकामा होतो असा गजबजलेला पंप धरावा, पावसाळ्यात तिथली घनता पाहावी, आणि पावती घ्यावी. घनतेचा त्या दिवसाचा आकडा पंपावर लिहिलेला असतो. फिल्टर पेपर मागायचा, पाच लिटरच्या मापाने मोजून मागायचे, हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. हा हक्क मी स्वतः एकदाच बजावला. पोऱ्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्याच्या मुलीची पत्रिका मागितली होती. पण पेपर दिला.

भेसळीची भीती मात्र आमच्या भागात कोणी हसण्यावारी नेत नाही. खान्देशच्या पंपांवर येणारे बरेचसे इंधन मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून टँकरने येते. २०२४ च्या जानेवारीच्या पहिल्या दोन दिवसांत टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा जळगावात पंपांवर रांगा लागल्या त्या त्यामुळेच. आणि याच मनमाडच्या परिसरात २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना, भेसळीचा प्रकार समोर दिसला म्हणून ते थांबले असता, भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळले. प्रजासत्ताक दिनाचा आदला दिवस होता. मी त्या वेळी नुकताच नोकरीला लागलो होतो. दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाला आमच्या मैदानावर कोणी कोणाशी बोलत नव्हते. त्यानंतर टँकरना कुलपे आली, यंत्रे आली. पण ज्यांना ते आठवते त्यांचा हात पंपावर आजही जरा जड होतो. भाचा तेव्हा शाळेत होता. त्याला ते त्याच्या वडिलांनी सांगितले होते.

राहिली खट्खट्. ती ऐकायला आम्ही गाडी घेऊन एका मिस्त्रीकडे गेलो. वयस्क माणूस, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्याने बॉनेट वगैरे काही उघडले नाही. आधी मागचे पाटे पाहिले, टायर पाहिले, आणि भाच्याला विचारले, "लोड किती भरतो?"

"सातशे-साडेसातशे."

"खरं सांग."

"...हजार. कधी अकराशे."

"मग? पेट्रोलला काय शिव्या देतो? तूच चढावर अकराशे किलो घेऊन चौथ्यात रेटशील, तर ते रडणारच ना! तिसरा टाकत जा." मग त्याने एअर फिल्टर काढून जमिनीवर आपटला. त्यातून महामार्गाच्या कामाची एवढी धूळ निघाली, की एक तुळस लावता आली असती. प्लगही कोणी तरी मध्येच भलत्या नंबरचा बसवला होता. फिल्टर, प्लग आणि मजुरी मिळून झाले साडेआठशे रुपये. मी भीत भीत विचारले, "मिस्त्री, प्रीमियम पेट्रोलाने इंजिन साफ राहतं म्हणतात?" तो म्हणाला, "सर, राहतं. त्यात साफ करायची दवा असते, खोटं नाही. कधी टाकलं तर टाका. पण आधी लोड कमी करा. तुमी रोज जड जेवून वरून चूर्ण घ्याल, तर त्यात चूर्णाचा काय दोष?"

ऑक्टेनवर इतके नेमके व्याख्यान मला स्टाफरूममध्ये मिळाले नव्हते.

पण लोड कमी करा, हे म्हणणे सोपे. परत घरी आल्यावर भाच्याने कागद काढला. सातशे किलोवर भाडे इतके, डिझेलवाले त्याहून कमी भावात नेतात, हप्ता इतका, पेट्रोल इतके. अकराशे भरल्याशिवाय महिना जुळत नाही. म्हणून इंजिन वाजते, म्हणून प्रीमियम, म्हणून महिना आणखीच जुळत नाही. तो हे सारे अगदी शांतपणे सांगत होता, वर्गात फळ्यावर वृत्त सोडवून दाखवावे तसे. आक्का चहा घेऊन आली. कप ठेवताना तिच्या हातात काचेच्या बांगड्या वाजल्या. फक्त काचेच्या. आईने तिला लग्नात दिलेल्या पाटल्या मी तिच्या हातात कायम पाहिलेल्या. जळगावच्या सोन्याच्या पाटल्या. त्या घडवल्या त्या दिवशी मी आईबरोबर सराफाच्या दुकानात पाय हलवत बसलो होतो.

"आक्का, पाटल्या?"

"आहेत की," ती म्हणाली, "सुरक्षित आहेत. पतपेढीत." आणि आत गेली.

गाडीच्या पहिल्या रकमेसाठी त्या गहाण पडल्या होत्या. मला कोणी सांगितले नव्हते. सांगणार तरी कसे? ज्याने "साध्यावर थांबवू नका" म्हणून ओसरीवर तासभर भाषण केले, त्याला "तुझ्या भाषणाचे पुढे असे झाले," हे कोणत्या शब्दांत कळवतात? मला त्या दिवशी चहा गेला नाही. भाच्याच्या ते लक्षात आले असावे. तो म्हणाला, "मामा, एम. ए. वाया गेलं असं मला वाटत नाही हं. मार्केटात पावत्या, अर्ज सगळे माझ्याकडून लिहून घेतात." ते त्याने माझ्या समाधानासाठी म्हटले, हे मला कळले, आणि मला कळले हे त्यालाही कळले.

मग आम्ही दोघांनी वही पुन्हा उघडली. प्रीमियम बंद केले की २२८० रुपये. त्यातून लोड सातशेवर आणल्याने जे भाडे बुडेल, त्यातले थोडे भरून निघते, सगळे नाही. उरलेल्यासाठी परतीचे भाडे पक्के हवे. ते जळगावात मी शोधू शकतो. चाळीस वर्षे ज्या गावात राहिलो तिथे दोन दुकानदार तरी माझे ऐकतात. एक माजी विद्यार्थी धुळ्याहून दूधवाल्यांची रिकामी कॅनची थप्पी आणणारा माणूस शोधत होता. हलका माल, पक्के भाडे. ते जमले. कागदावर पंधरा-सोळा महिन्यांत पाटल्या सुटतात. कागदावर. भाच्याने त्या आकड्याखाली रेघ मारली आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले. मी ते खोडायला सांगितले नाही.

परत निघताना तो मला स्टँडवर सोडायला आला. वाटेत पंप लागला. पोऱ्या खिडकीशी आला आणि त्याच त्या सुरात म्हणाला, "साधं की प्रीमियम?" भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी मुद्दाम समोर पाहत राहिलो. "साधं," तो म्हणाला, "फुल. आणि पावती." मग उतरून घनतेचा आकडा वाचून आला आणि वहीत लिहिला.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. लळिंगच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये खट्खट् येत नाही. चौथ्यात अजून येते. भाऊबीजेला मी धुळ्याला जाणार आहे आणि तो मला घ्यायला येणार आहे. "एस. टी. कशाला, मामा? पहाटे वांगी भरायला तिकडे येतोच. पुढच्या सीटवर बसा." मी बरे म्हटले. फोन ठेवता ठेवता तो थांबला.

"मामा, राग मानू नका, पण लोड मोजून लिहायचा शे. तुमचं वजन किती?"